मस्कतहून आलेली नववी

आमच्या घरात एक नियम आहे. अण्णांनी शब्द दिला की विषय संपला. का, कशासाठी, कुणाला विचारून, असलं काही विचारायचं नाही. हा नियम मला मी चार वर्षांची असताना पहिल्यांदा सांगितला गेला आणि तेव्हापासून दर आठवड्याला पुन्हा सांगावा लागतोय. यावरून तो मला किती पटलाय ते समजून घ्या.

इतरांच्या घरी किस्से लग्नात जमतात. आमच्याकडं ते शाळांच्या ऑफिसात जमले. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ, दादा, मस्कतची नोकरी संपवून बायको-पोरांसह उदगीरला परत आला. दोन पोरांना शाळा शोधता शोधता आम्ही उदगीर, लातूर, नांदेड तिन्ही गावं पालथी घातली. शाळा मिळेना, किस्से मात्र पोतंभर! मैत्रिणींना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता एकदाचे लिहूनच टाकते.

पोरं दोन. रुही आठवी पास होऊन नववीत जाणार. धाकटा सम्यक सातवी पास होऊन आठवीत. नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या ते लक्षात राहत नव्हतं.

*

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या काळात पोरगं शाळेत घालायला आणलं की आईबापाला जन्मतारीख माहीत नसायची. "त्या साली लई पाऊस झाला बघा गुरुजी," एवढीच माहिती. मग अण्णा रजिस्टरमध्ये ठोकून द्यायचे: एक जून.

अशा पाच-सातशे पोरांचा जन्म अण्णांनी एक जूनला घडवला. एका घरातले तर तिन्ही भाऊ एक जूनचे. त्या माउलीनं दर खेपेला बरोबर तारीख गाठली! आजही एक जूनला सकाळपासून अण्णांचा फोन वाजत असतो. कुणी कंडक्टर, कुणी तलाठी, कुणी फौजदार. "गुरुजी, आज माझा वाढदिवस, आशीर्वाद द्या."

दादा आला त्या संध्याकाळी अण्णांनी रुहीला जवळ बसवलं. "बाळ, जन्मतारीख काय तुझी?"

"तेवीस नोव्हेंबर, आजोबा."

अण्णांचा चेहराच पडला. दादाकडं वळून म्हणाले, "एवढी अवघड कशाला ठेवली रे?"

*

त्या वर्षी उदगीरला नळ वीस-बावीस दिवसांनी यायचा. लातूरला तर रेल्वेनं पाणी आणत होते. घागरीनं आंघोळ, तांब्यानं भांडी, आणि पिंपाला कुलूप. कुलपाची किल्ली आईच्या कमरेला. पूर्वी तिथं तिजोरीची किल्ली असायची असं ती सांगते, पण आमच्याकडं तिजोरी कधीच नव्हती.

पहिल्याच दिवशी सम्यक बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. मी दार वाजवलं. "काय करायलास रे?"

"पाण्याची वाट बघतोय, आत्या. नळ चालू केलाय."

मी त्याला पिंप दाखवलं, कुलूप दाखवलं, आजीची कंबर दाखवली. मस्कतमध्ये समुद्राचं पाणी गोड करून चोवीस तास नळाला येतं, हे त्यानं मला समजावून सांगितलं. मग थोडा विचार केला आणि विचारलं, "आत्या, मग आपण वाळवंट सोडून इकडं कशाला आलो?"

कंपनीनं बापाचं काम बंद केलं म्हणून, असं काही मी त्याला सांगितलं नाही. कुलूप उघडायला आईला हाक मारली.

*

लातूरची पहिली शाळा. आमच्याकडं दोघांचं काम असलं तरी आठ जण जातात. जीप भरून गेलो. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये चार खुर्च्या. सरांनी आमच्याकडं बघितलं, खुर्च्यांकडं बघितलं आणि विचारलं, "यातले पालक कोण?"

बाबांनी अण्णांकडं बोट दाखवलं. अण्णांनी बाबांकडं. दादा मस्कतमध्ये चाळीस माणसांवर सुपरवायझर होता, पण अण्णांसमोर आला की पुन्हा चौथीतलं पोरगं होतो. तो भिंतीला टेकून उभा. शेवटी वहिनीच म्हणाली, "मी आई आहे." सरांनी तिला सोडून बाकी सगळ्यांना बसायला सांगितलं!

सम्यकला आठवीत जागा होती. अण्णांनी घसा खाकरून विचारलं, "आणि डोनेशनचं कसं असतंय सर?"

"छे छे! आपल्याकडं डोनेशन ही भानगडच नाही."

अण्णा खूश. आमच्याकडं वळून बघितलं, बघा अजून प्रामाणिकपणा आहे म्हणून.

"फक्त दोन टँकर पाठवा."

"टँकर? त्यापेक्षा पैसेच घ्या की ओ सर."

"पैसे काय प्यायचेत का?"

*

त्याच केबिनमध्ये रुहीचं काय झालं तेही सांगते. सर म्हणाले, "नववीत आम्ही बाहेरचं मूल घेतच नाही. आपला दहावीचा निकाल दरसाल शंभर टक्के. उद्या हिच्यामुळं नव्व्याण्णव झाला तर?"

मला राहवलं नाही. "सर, दहावीपर्यंत चाळून चाळूनच ठेवायचे, मग निकाल शंभर टक्के लागणारच की!"

सरांनी चष्मा वर केला. "ह्या कोण?"

बाबा घाईघाईनं म्हणाले, "आमची धाकटी. कॉलेजात शिकवती. मनावर घेऊ नका."

मी उदगीरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. म्हणजे तास असला तर प्राध्यापक, नसला तर घरची धाकटी.

बाहेर पडताना सरांनी दादाला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता रुहीला घेतो म्हणतात की काय. तर सर विचारत होते, "अकरावी-बारावीच्या क्लासला नाव लावलं का पोरांचं? आत्ताच लावा, बॅचेस फुल होऊ लागल्यात."

रुहीला नववी नाही, पण अकरावीची काळजी होती!

*

लातूरचीच दुसरी शाळा. इथं केबिनपर्यंत पोचलोच नाही, ऑफिसातच अडकलो. क्लार्कनं मस्कतच्या शाळेचा दाखला उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"यात जातीचा रकाना न्हाई की."

दादा म्हणाला, "तिथं विचारतच नाहीत."

"मग आम्ही कसं ठरवायचं?" क्लार्कला खरंच अडचण आली होती. त्यानं इकडंतिकडं बघितलं, खुर्ची पुढं ओढली आणि एकदम आवाज उतरवून, दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "न्हाई म्हणजे... आपण कोण?"

तो इतका हळू बोलला की शेजारच्या तिन्ही टेबलांवरचं काम थांबलं. टाइप करणारी बाईसुद्धा कान देऊन बसली.

"बौद्ध!" मी म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं विचारा ना. आमचे आजोबा काय कुजबुजत बौद्ध झाले नव्हते. भर मैदानात झाले होते!"

टाइप करणाऱ्या बाईनं कागदात तोंड लपवलं. क्लार्क कान खाजवत म्हणाला, "मॅडम, मी आपलं तुमच्यासाठीच हळू विचारलं."

"आमच्यासाठी करायचंच असेल तर नववीत जागा बघा."

जागा नव्हती. जीपमध्ये बसल्यावर सम्यकनं विचारलं, "आत्या, तो अंकल काय विचारत होता?"

अण्णा पुढच्या सीटवरून म्हणाले, "काही न्हाई बाळ. शाळेत घालताना विचारत असतात."

"आणि मस्कतच्या शाळेत का नाही विचारलं?"

अण्णांनी ड्रायव्हरला जीप जरा जोरात घ्यायला सांगितलं.

*

नांदेड वहिनीचं माहेर. तिथली एक शाळा तिच्या भावानं शोधून ठेवली होती. ऑफिसातला माणूस इतका चांगला की आम्हाला संशयच आला. पाणी दिलं, तेही ग्लास भरून! म्हणाला, "नववीला वेटिंग हाय, पण आधी पोरांची माहिती पोर्टलवर चढवून ठेवतो. काळजी करू नका."

सरकारी पोर्टल. मागची शाळा कुठली? त्यानं राज्य निवडलं, जिल्हा निवडला, मग थांबला. "ताई, हे मस्कत कोणत्या तालुक्यात येतंय?"

"ओमानमध्ये येतं," मी म्हणाले.

"देश न्हाई ताई, तालुका."

"तालुका नसतो तिथं."

"तालुका नसतो असं कसं? मग लोक कामं कुठं करतात?"

बराच वेळ तो ती यादी खालीवर करत राहिला. माझं लक्ष नाही असं बघून त्यानं पटकन काहीतरी दाबलं. प्रिंट हातात आली. आधीची शाळा: जिल्हा नांदेड, तालुका मुखेड.

"अहो, मुखेड कसं काय?"

तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, "म वरून तेच जवळ होतं."

दादानं दहा वर्षं परदेशात काढली, व्हिसा काढला, विमानानं जा-ये केली. सरकारदरबारी तो मुखेडला राहत होता!

वेटिंगमध्ये रुहीचा नंबर सातवा लागला. वहिनी म्हणाली, थांबू या आठ-पंधरा दिवस, पोरं मामाकडं राहतील. तेवढ्यात बाबांचा फोन: "मामाच्या दारात पोरं ठेवायची का? लोक काय म्हणतील? परत या. अण्णांनी उदगीरला शब्द टाकलाय."

*

उदगीरची ही शाळा गावाबाहेर, नवी, दोन मजली. मुख्याध्यापक बिरादार सर हे अण्णांचे विद्यार्थी. वाढदिवस अर्थातच एक जून.

गेटवर भला मोठा बोर्ड. शाळेचं नाव, खाली "ता. उदगीर, जि." आणि पुढं काहीच नाही. नुसती पांढरी जागा. मला वाटलं उन्हानं रंग उडाला.

"रंग न्हाई उडाला," बिरादार सर म्हणाले. "उदगीर जिल्हा होणार हाय. आता होतंय, मग होतंय. लातूर लिहायचं आणि पुन्हा खोडायचं, असा दोनदोनदा खर्च कोण करणार? घोषणा झाली की एकदाच रंगवू."

"कधी होणारे घोषणा?"

"ह्या पंधरा ऑगस्टला नक्की. न्हाई झाली तर सव्वीस जानेवारी."

"आणि बोर्ड कधी लावलाय?"

सरांनी मनात हिशेब केला. "सात वर्षं झाली."

अण्णांनी मोठ्या कौतुकानं मान डोलावली. "बघ पोरी, याला म्हणतात दूरदृष्टी. घडवलाय कुणी?"

*

आता ज्या शब्दासाठी आम्हाला नांदेडहून बोलावून घेतलं, तो शब्द काय होता ते सांगते. तो मला आमच्या घरात सगळ्यांत शेवटी कळला. तोही रुहीकडून.

दुपारी मी पेपर तपासत होते. ती येऊन शेजारी बसली. माझ्या लाल पेनकडं बघत तिनं विचारलं, "आत्या, मी फेल झाले का?"

"तू? ब्याण्णव टक्के पडलेत तुला. कामून विचारायलीस?"

"मग मला परत आठवीत का बसवतायत? सम्यकच्या वर्गात?"

मी तशीच उठून ओसरीवर गेले. अण्णा आणि बाबा पेपर वाटून घेऊन वाचत होते. मी विचारलं तसं बाबांनी एकेक फायदा सांगायला सुरुवात केली, जणू दुकानातली स्कीम समजावून सांगत होते. दोघं एकाच वर्गात. पुस्तकांचा एकच सेट. ट्यूशन एकच. जाता-येता भावाचं बहिणीवर लक्ष. शिवाय तिचं मराठी कच्चं, तेही पक्कं होईल.

"सम्यकचं मराठी हिच्यापेक्षा कच्चंय," मी म्हणाले. "कालच त्यानं दुष्काळाला दुष्ट काळ म्हणलं."

"त्याचं होईल हळूहळू."

"आणि हिचं वर्ष?"

अण्णांनी पेपर खाली केला. "पोरीची जात. एक वर्ष मागं राहिली म्हणून काय आभाळ कोसळायलंय? मी बिरादारला शब्द दिलाय."

विषय संपला.

निदान त्यांच्यापुरता. मी वहिनीकडं गेले, तर ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "मी दोनदा बोलले. तुमच्या भावाला विचारा काय उत्तर मिळालं ते." भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, "अण्णांना कसं सांगू? तू सांग."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला काहीतरी काम बहीण म्हणून न सांगता माणूस म्हणून सांगितलं. मला अजून तीस पूर्ण झालेली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

*

ॲडमिशनचा दिवस. बिरादार सरांची केबिन. सर उठले, वाकून अण्णांच्या पाया पडले, अण्णांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. बाबा, दादा, वहिनी, दोन्ही पोरं, मी. टेबलावर दोन फॉर्म.

दादानं दोन्हींवर सही केली. माझ्याकडं बघायचं टाळून केली.

सर म्हणाले, "साहेब आणि वहिनी पुढच्या महिन्यात सामान आवरायला परत मस्कतला चाललेत म्हणता. मग तोवर स्थानिक पालक म्हणून एक सही लागंल. मीटिंगला येणारा, शिकलेला माणूस असला तर बरं."

बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "सुजाताची घ्या की. असल्या कामाला तीच हाय आमच्याकडं."

मला आजवर इतक्या मानानं कुणी बोलावलं नव्हतं. मी खुर्ची पुढं ओढली. सम्यकचा फॉर्म वाचला, इयत्ता आठवी, सही केली. रुहीचा वाचला. इयत्ता आठवी.

"सर, नववीत जागा नाही का तुमच्याकडं?"

बिरादार सर गोंधळले. "नववीत? हाय की, एक जागा हाय. पण गुरुजींनीच आठवी सांगितली."

रुहीनं मान वर केली.

अण्णांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढं ठेवला. "सही कर पोरी. मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाय अण्णा, वर्ष रुहीचं चाललंय."

"सुजा!" बाबा. "हे काय घर हाय का, काय पण बोलायला?"

"बरं, नाही बोलत. दोघांना एकाच वर्गात बसवायचंय ना? पुस्तकांचा सेट एक, ट्यूशन एक? मग सोपं आहे. रुही नववीत, आणि सम्यक पण नववीत."

बिरादार सर हसले. "तसं कसं होईल मॅडम? त्याचं आठवीचं काय?"

"मग दोघांना सातवीत बसवा. तिची दोन वर्षं जातील, त्याचं एक. तिची दोन गेली तरी आभाळ काही कोसळत नाही."

बाबा ताडकन म्हणाले, "येडी झालीस का? पोराचं वर्ष कामून वाया घालवायचं?"

वाक्य टेबलाच्या मधोमध येऊन पडलं. बाबांना ते पडल्यावर ऐकू आलं. दादानं पहिल्यांदा मान वर करून बापाकडं बघितलं. सम्यकनं बहिणीकडं बघितलं आणि तो आपल्या खुर्चीत थोडा आत सरकला.

मी रुहीचा फॉर्म उचलून बिरादार सरांच्या हातात दिला.

"इयत्तेसमोर नववी लिहा. तोवर माझी सही मिळणार नाही."

सर फॉर्म हातात धरून अण्णांकडं बघत बसले, गुरुजी काय सांगतात म्हणून. बाबा खिडकीबाहेर बघत होते. अण्णांनी टेबलावरचा आपला पेन उचलला, त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.